प्रतारणा नेमकी कशाची?

शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावावर असलेला एक संस्कृत श्लोक विवाहातील आसक्तीविषयी जेवढे सांगून जातो, तेवढे अनेक जाडजूड कादंबऱ्यांनाही सांगता आलेले नाही, असे माझे मत आहे. त्यातली स्त्री म्हणते, की ज्याने माझे कौमार्य हरले तोच आज माझा पती आहे. चैत्रातल्या रात्री त्याच आहेत, उमललेल्या मालतीच्या गंधाने भारलेला कदंबवाराही तोच आहे आणि मीसुद्धा तीच आहे. तरीही रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, काठी, वेताच्या झाडाखाली रंगलेल्या त्या प्रणयासाठी माझे मन झुरते. स्पष्ट असा एकही अलंकार नसताना उत्तम काव्य कसे संभवते, हे दाखवण्यासाठी काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त हा श्लोक उद्धृत केला. त्याला जे हवे होते ते त्याने घेतले. माझे लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीकडे जाते, ती ही की या श्लोकात परपुरुष नाही. कोणी कोणाला फसवलेले नाही, कोणी दुरावलेले नाही, समाजाने आडकाठी केलेली नाही. प्रियकराचा पती झाला, एवढेच काय ते घडले आहे. चोरून भेटण्याची गरज संपली आणि तिच्याबरोबर आणखीही काही संपले, ज्याची तक्रार कोणाकडे करावी हे तिला उमगत नाही, कारण तक्रार करावी असे कोणी काही केलेलेच नाही.

वैवाहिक प्रतारणेविषयी बोलताना आपण सहसा एक सोपे सूत्र गृहीत धरतो: संसारात आसक्ती विझते, म्हणून माणूस बाहेर पाहू लागतो. हा श्लोक त्या सूत्राला आडवा येतो. मन झुरत असूनही ही स्त्री कोठेही जात नाही. आणि उलट बाजूने पाहिले, तर संसारात तृप्त असलेली माणसेही बाहेरख्याली होतात, हे साहित्याने आणि अनुभवाने पुरेसे दाखवलेले आहे. मला वाटते, या कथांमध्ये दोन स्वतंत्र प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. सहवासात आसक्तीचे काय होते, हा एक. आणि प्रतारणेने नेमके काय मोडते, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाजाने पुन्हा पुन्हा बदलले आहे. पहिला प्रश्न मात्र शीलाभट्टारिकेने जेथे सोडला तेथेच जवळपास उभा आहे.

बाराव्या शतकात फ्रान्समध्ये अँड्रियास कॅपेलानस याने प्रेमावर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात शँपेन प्रांताची काउंटेस मारी हिच्यापुढे एक वाद निर्णयासाठी येतो: पतिपत्नींमध्ये खरे प्रेम असू शकते काय? तिच्या उत्तराच्या पत्रावर १ मे ११७४ ही तारीख आहे आणि उत्तर निःसंदिग्धपणे नकारार्थी आहे. प्रेमिक एकमेकांना जे देतात ते कसल्याही सक्तीविना देतात. पतिपत्नी मात्र कर्तव्याने बांधलेले असतात आणि एकमेकांची इच्छा नाकारण्याची त्यांना मुभा नसते. तेव्हा जे नाकारताच येत नाही ते देण्यात प्रेम कसले, असा त्या निर्णयाचा आशय आहे. हे पत्र खरोखर मारीने लिहिले की ग्रंथकर्त्याने रचले, हा भाग अलाहिदा. त्या काळच्या सरदारघराण्यांत विवाह जमिनीसाठी, वारसासाठी आणि तहासाठी होत असत, त्यामुळे प्रेम विवाहाबाहेर शोधावे लागते हे कोणालाही धक्कादायक वाटत नव्हते. फार तर गैरसोयीचे वाटत असावे. आज आपण ज्याला स्वाभाविक मानतो ती अपेक्षा, म्हणजे एकाच व्यक्तीने संसारातील भागीदार, मुलांचा पालक, जिवलग मित्र आणि उत्कट प्रियकर या सगळ्या भूमिका आयुष्यभर निभावाव्यात ही अपेक्षा, इतिहासाच्या मापाने पाहिली तर अगदी अलीकडची आणि बरीच धाडसी आहे. ती चूक आहे असे मी म्हणत नाही. ती फसते तेव्हा माणसे स्वतःला जेवढी अपराधी मानतात, तेवढे मानण्याचे कारण नसावे, एवढेच म्हणतो.

व्यभिचाराच्या कथा नेहमीच गंभीर नव्हत्या, हेही आपण विसरतो. सातवाहन राजा हालाने संकलित केलेल्या 'गाथासप्तशती'त एक तरुणी विंचू चावल्याचा बहाणा करते; तिच्या चतुर सख्या तिला धरून नेतात, ती वेदनेने हात झटकत राहते आणि अशा रीतीने नवऱ्याच्या डोळ्यांदेखत तिला वैद्याच्या घरी पोहोचवले जाते. हा वैद्य म्हणजेच तिचा जार. दोन ओळींत एवढे सारे घडते आणि प्राकृत कवी कोणालाही शिक्षा देत नाही. चौदाव्या शतकात इटालियन लेखक बोकाचिओच्या 'डेकॅमेरॉन' या कथासंग्रहात प्रातो गावची फिलिपा व्यभिचाराच्या आरोपावरून न्यायालयात निर्भयपणे उभी राहते. व्यभिचारिणीला जाळण्याचा कायदा ज्यांना लागू आहे त्या स्त्रियांची संमती तो करताना कधी घेतली होती काय, असे ती विचारते. मग न्यायाधीशाला सांगते, की नवऱ्यालाच विचारा, त्याने मागितले तेव्हा तिने कधी नकार दिला होता काय. तो नाही म्हणतो. त्यावर, त्याला हवे तेवढे देऊनही जे उरते त्याचे मी काय करावे, कुत्र्यांना घालावे काय, असा तिचा सवाल आहे. सारे गाव हसते आणि कायदा बदलला जातो. हा विनोद आहे हे खरे. परंतु पत्नीचे शरीर ही पतीच्या मालकीची वस्तू आहे, हे गृहीतक ती नाकारत नाही, उलट त्याचाच हिशेब मांडून सुटका करून घेते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या हास्यामागचा व्यवहार दिसू लागतो.

एकोणिसाव्या शतकात हे हसू मावळले. गुस्ताव फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' ही फ्रेंच कादंबरी १८५६ मध्ये नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि सार्वजनिक नीतीला व धर्माला धक्का दिल्याच्या आरोपावरून १८५७ च्या आरंभी लेखकावर खटला चालला. फ्लोबेर निर्दोष सुटला. फिर्यादी पक्षाला अस्वस्थ करणाऱ्या वाक्यांपैकी एक फार मोलाचे आहे: विवाहातला सारा नीरसपणा एमाला, म्हणजे कादंबरीच्या विवाहित नायिकेला, व्यभिचारातही पुन्हा भेटू लागला होता, अशा अर्थाचे ते आहे. सरकारी वकिलाला त्यात विवाहाचा अपमान दिसला. माझ्या मते त्याने वाक्याचा दुसरा अर्धा भाग पुरेसा वाचला नाही, कारण फ्लोबेरने अपमान केला असेल तर तो दोहोंचा केला आहे. एमाचा प्रियकर रोदोल्फ तिला सोडून जाताना निरोपाचे पत्र लिहितो. पत्र भावपूर्ण झाले आहे, पण कागदावर अश्रूचा डाग नाही, म्हणून तो पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवतो आणि वरून एक थेंब पाडतो. शाई फिकट पसरते. एमा ज्या आसक्तीसाठी घर, पैसा आणि अखेरीस प्राण गमावते, तिच्या दुसऱ्या टोकाला हा ओला झालेला कागद आहे. तिचे खरे प्रेम कादंबऱ्यांतून वाचलेल्या प्रेमावर होते, आणि रोदोल्फला त्या कादंबऱ्यांची भाषा अवगत होती.

टॉलस्टॉयची 'ॲना कॅरेनिना' याहून सूक्ष्म आहे. मॉस्कोत व्रॉन्स्की या तरुण अधिकाऱ्याला भेटून विवाहित ॲना रात्रीच्या गाडीने पीटर्सबर्गला परतते. अजून काहीच घडलेले नाही. फलाटावर उतरताच तिला न्यायला आलेला नवरा दिसतो आणि तिच्या मनात पहिला विचार येतो तो त्याच्या कानांविषयी: अरे देवा, याचे कान असे का आहेत? टोपीच्या कडेला टेकलेले ते कान इतकी वर्षे तेथेच होते. बदलली आहे ती पाहणाऱ्याची नजर. आसक्तीचा उगम दाखवण्यासाठी टॉलस्टॉयला चुंबनाची गरज पडत नाही. नवऱ्याचे कान पुरतात. लक्ष एका माणसावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसले, की मागे राहिलेल्या माणसाचे केवळ अवयव आणि सवयी उरतात, हे विवाहाविषयीचे निरीक्षण म्हणून मला फार भेदक वाटते, कारण ते उलट दिशेनेही खरे आहे. शीलाभट्टारिकेच्या नायिकेपुढे पती तोच आहे, रात्र तीच आहे. जे नाही ते रेवाकाठचे एकवटलेले लक्ष. धोका असतो तेथे माणूस पूर्णपणे हजर असतो. सुरक्षित घरात तसे हजर राहण्याची सक्ती कोणी करत नाही.

याच कादंबरीचा आरंभ एका पुरुषाच्या व्यभिचाराने होतो, हे वाचकांच्या ध्यानात फारसे राहत नाही. ॲनाचा भाऊ स्तिवा मुलांच्या पूर्वीच्या फ्रेंच शिक्षिकेशी संबंध ठेवताना पकडला जातो, घरात काही दिवस गोंधळ माजतो, ॲना येऊन वहिनीची समजूत घालते आणि स्तिवा पुढेही सुखाने जेवतो, हसतो, नव्या भानगडी करतो. त्याच समाजात ॲनाला मात्र नाट्यगृहात बसणेही अशक्य होते. आपल्याकडे विजय तेंडुलकरांनी १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात हीच गोष्ट रंगमंचाच्या भाषेत सांगितली: लीला बेणारेच्या पोटात ज्याचे मूल आहे तो विवाहित प्राध्यापक दामले नाटकभर रंगमंचावर येतच नाही, आणि खोटा खटला चालतो तो तिच्यावर. संसार ज्याने मोडला तो गैरहजर, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही ते सारे न्यायाधीश.

कायद्याने तर ही असमानता कलमांत बांधून ठेवली होती. फ्रान्सच्या १८१० च्या दंडसंहितेनुसार व्यभिचारी पत्नीला तीन महिने ते दोन वर्षे कैद होती. पतीला केवळ दंड, आणि तोही त्याने रखेल राहत्या घरात आणून ठेवली असेल तरच. ही तरतूद १९७५ मध्ये गेली. फ्लोबेर सुटला त्याच वर्षी इंग्लंडमध्ये घटस्फोटाचा जो कायदा झाला, त्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते, तर पत्नीला पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा फरक १९२३ पर्यंत टिकला. भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ याबाबत सर्वांत प्रांजळ होते. मेकॉलेच्या मूळ मसुद्यात हा गुन्हा नव्हता. तो नंतर घातला गेला. त्यानुसार विवाहित स्त्रीशी तिच्या पतीच्या संमतीविना किंवा मूकसंमतीविना संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार ठरे. पतीची संमती असेल तर गुन्हाच नाही. ज्याची पत्नी बाहेर गेली त्याला फिर्याद करता येई. जिचा पती बाहेर गेला तिला येत नसे. एवढे वाचल्यावर कायद्याच्या दृष्टीने प्रतारणा म्हणजे काय होते, याविषयी शंका उरत नाही: ती चोरी होती, आणि संमतीने नेलेल्या वस्तूची चोरी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवले. दक्षिण कोरियात असाच निर्णय २०१५ मध्ये झाला होता, तैवानमध्ये २०२० मध्ये झाला. घटस्फोटाचे कारण म्हणून व्यभिचार भारतात आजही कायम आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निर्णयानंतर 'आता सर्वांना मोकळे रान मिळाले' अशी ओरड झाली. मला ती पटली नाही. तुरुंगाच्या भीतीने एकनिष्ठ राहणाऱ्या माणसाची निष्ठा कोणाला हवी असते, हा प्रश्न ओरडणाऱ्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही. मात्र गुन्हा गेला म्हणून जखम गेली, असेही झालेले नाही. उलट, ज्या समाजात विवाह स्वेच्छेने होतो आणि स्वेच्छेने मोडता येतो, तेथे ही जखम अधिक खोल असण्याचा संभव आहे, कारण दुसऱ्या व्यक्तीने राहण्याची निवड केली होती हाच अशा विवाहाचा आधार असतो. आज मोडते ती मालकी नव्हे. मोडतो तो दोघांनी मिळून खरा मानलेला वृत्तांत. आपली फसवणूक झाल्याचे कळलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा 'का' हा नसतो, 'केव्हापासून' हा असतो. मग तो माणूस जुनी छायाचित्रे काढून बसतो. ही सहल त्याआधीची की नंतरची, या वाढदिवसाला तो हसत होता तेव्हा त्याच्या खिशातल्या फोनवर काय येत होते, आजारपणात त्याने रात्रभर जागून सेवा केली ती प्रेमाने की अपराधभावाने? भविष्य गेल्याचे दुःख काळ भरून काढतो असे म्हणतात. येथे भूतकाळच हातातून जातो, आणि त्यावर काळाची मात्रा तितकीशी चालत नाही.

हे साहित्याने कायद्याच्या फार आधी ओळखले होते. थिओडोर फोंटानेच्या 'एफी ब्रीस्ट' या जर्मन कादंबरीत एफीची मुलगी पडते, तिच्या जखमेसाठी पट्टी शोधताना एफीच्या शिवणकामाच्या मेजाचा खण फोडला जातो आणि त्यातून नवऱ्याच्या हाती प्रियकराची पत्रे पडतात. प्रकरण संपून सहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. नवऱ्याच्या, इनस्टेटेनच्या, मनात द्वेष नाही, सुडाची इच्छा नाही, पत्नीवर त्याचे अजूनही प्रेम आहे, हे तो स्वतः मित्राला सांगतो; आणि तरीही द्वंद्वयुद्धात त्या प्रियकराला ठार करतो, कारण मित्राला सांगितल्यामुळे आता ही गोष्ट आणखी एकाला ठाऊक झालेली आहे. ज्या वास्तवातील प्रकरणावर ही कादंबरी बेतली आहे, त्यातले द्वंद्व १८८६ मध्ये झाले. फोंटानेची एफी खचून अकाली मरते. वास्तवातील एलिझाबेथ फॉन आर्डेन्ने परिचारिका झाली आणि १९५२ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी वारली. व्यभिचारी नायिकेला जगू द्यायला पुरुष कादंबरीकार एवढे का कचरत होते, याचे उत्तर नीतीत शोधावे की कथानकाच्या सोयीत, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

माहीत असणे आणि माहीत नसणे हाच प्रतारणेचा गाभा आहे, हे हॅरोल्ड पिंटरच्या १९७८ च्या 'बिट्रेयल' या नाटकात अगदी उघडे पडते. जेरीचे आपल्या जिवलग मित्राच्या पत्नीशी, एमाशी, अनेक वर्षे संबंध होते. ते संपल्यावर त्याला कळते की मित्राला हे सारे चार वर्षांपासून ठाऊक होते आणि तरीही तो त्याच्याबरोबर जेवत होता, पुस्तकांवर गप्पा मारत होता. फसवणारा जेरी त्या क्षणी स्वतःच फसवला गेल्यासारखा बिथरतो. नाटक शेवटाकडून आरंभाकडे जाते, म्हणून प्रेक्षकही तेच करतो जे छायाचित्रे घेऊन बसलेला माणूस करतो: प्रत्येक हसण्याच्या वेळी कोणाला काय माहीत होते ते तपासत बसतो.

चेखवच्या 'कुत्रेवाली बाई' या १८९९ च्या कथेत आसक्तीची बाजू तेवढीच निर्दय प्रामाणिकपणे येते. पहिल्या भेटीनंतर आन्ना अपराधभावाने खिन्न बसलेली असताना गूरोव्ह टेबलावरचे कलिंगड कापतो आणि सावकाश खातो; अर्धा तास कोणीही बोलत नाही. पुढे या सराईत पुरुषाला खरोखरच प्रेम जडते. एका रात्री तो न राहवून ओळखीच्या माणसाला सांगू पाहतो, की याल्टात मी किती मोहक स्त्रीला भेटलो. आणि तो माणूस बर्फावरच्या घसरगाडीत बसून निघाल्यावर मागे वळून उत्तर देतो की मघाशी तुम्ही म्हणालात ते खरे, मासा जरा वासच मारत होता. ज्या गोष्टीने आयुष्य ढवळून निघाले ती सांगायला जगात एकही माणूस नाही, हे गुप्त प्रेमाचे खरे मोल आहे. त्या गुप्ततेने आसक्ती जोपासली जाते आणि तीच गुप्तता माणसाला एकटे पाडते.

मग सारे सांगून टाकावे काय? टॉलस्टॉयने १८६२ मध्ये विवाहापूर्वी सोफियाला आपल्या दैनंदिन्या वाचायला दिल्या. पूर्वीच्या साऱ्या संबंधांची त्यात नोंद होती. प्रामाणिकपणाचा याहून मोठा नमुना शोधून सापडणार नाही, आणि त्या वाचनाचा घाव तिने आयुष्यभर बाळगला. आजची जोडपी एकमेकांचे फोन उघडे ठेवतात, एकमेकांचा ठावठिकाणा नकाशावर पाहतात आणि त्याला विश्वास म्हणतात. माझ्या दृष्टीने तो विश्वासाचा अभाव आहे. ज्याची तपासणी चालू असते त्यावर विश्वास टाकावाच लागत नाही. शिवाय जेथे काहीच अज्ञात उरू दिलेले नाही, तेथे उत्कंठा कोठून येणार? २०१५ मध्ये विवाहितांना बाहेरचे जोडीदार मिळवून देण्याची हमी देणाऱ्या 'ॲश्ले मॅडिसन' या संकेतस्थळावरील तीन कोटींहून अधिक खात्यांची माहिती हॅकरांनी उघड्यावर मांडली, आणि पुढच्या चौकशीत दिसले की पुरुषांना भुलवण्यासाठी स्त्रियांची बनावट खाती वापरली जात होती. अनेकांनी यंत्राने लिहिलेल्या गोडव्यासाठी संसार पणाला लावला होता. रोदोल्फला निदान पेल्यात बोट तरी बुडवावे लागले होते.

या साऱ्या परंपरेने एका माणसावर मात्र सातत्याने अन्याय केला आहे, तो म्हणजे फसवला गेलेला जोडीदार. एमा बोव्हारीचा नवरा शार्ल हा वाचकांच्या लेखी बावळट असतो. एमाच्या मृत्यूनंतर तो रोदोल्फची पत्रे वाचतो, त्याला समोरासमोर भेटतो आणि हा सारा दैवाचा दोष आहे असे म्हणतो, तेव्हा रोदोल्फलाही ते हास्यास्पद वाटते. ॲनाचा नवरा कॅरेनिन मरणोन्मुख पत्नीला खरोखर क्षमा करतो, आणि त्या क्षमेमुळेच समाजात टवाळीचा विषय होतो. एलेना फेरान्तेची २००२ मधील इटालियन कादंबरी, जिचे नाव 'परित्यागाचे दिवस' असे होईल, या माणसाला मध्यभागी आणते म्हणून मला तिचे मोल वाटते. ओल्गाला नवरा तरुण स्त्रीसाठी सोडून जातो. एका दिवशी मुलगा तापाने फणफणलेला, कुत्रा मरणाच्या दारात, घराचे कुलूप आतून उघडत नाही, आणि तिचे स्वतःचे भान इतके सुटत चालले आहे की ती लहान मुलीच्या हाती कागद कापायची सुरी देते आणि सांगते, माझे लक्ष उडालेले दिसले की मला टोच. शेवटी नवरा पुन्हा बोलू पाहतो. आपण पोकळीत पडलो होतो, कशातच अर्थ उरला नव्हता, असे त्याने आपल्या समर्थनासाठी सांगितलेले असते. ओल्गा त्याला सांगते की तिचे आता त्याच्यावर प्रेम नाही. कारण तो बाहेर गेला हे नव्हे, तर ती पोकळी खरी नव्हती. खरी पोकळी कशी असते आणि तिच्यातून वर कसे यावे लागते, हे तिला आता ठाऊक आहे, त्याला नाही.